पंच कुठं गेले जी?

मागच्या मे महिन्यात एक निवृत्त हवालदार काका आमच्या वाचनालयात पुस्तक परत करायला आले. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, माठातलं पाणी प्यायले आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, या पुस्तकातले पंच कुठं गेले जी?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी शेवटचं प्रकरण उघडून दाखवलं. घाटातला बंगला, बाहेर धो धो पाऊस, दरड कोसळून रस्ता बंद. हॉलमध्ये अकरा माणसं जमवलेली. डिटेक्टिव्ह येरझाऱ्या घालत एकेकाकडे बोट दाखवतो, मग गर्रकन वळतो, आणि ज्याच्याकडे तो वळतो तो माणूस रडत रडत सगळं सांगून टाकतो. दाराशी उभा असलेला इन्स्पेक्टर बेड्या घालतो. कादंबरी संपते.

“बत्तीस वर्षं नोकरी केली मी,” काका म्हणाले. “असा हॉलमधी उभा राहून कोणी कबूल नाही करत. अन् केलं तरी कोर्टात ते टिकते का?”

टिकत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे पंचविसावं कलम होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तेविसाव्या कलमात आलं आहे. आरोपीने सांगितल्यावरून विहिरीतून कुऱ्हाड निघाली, तर त्या कुऱ्हाडीपर्यंत नेणारं त्याचं वाक्य तेवढं ग्राह्य धरतात. ती कुऱ्हाड निघताना काठावर दोन पंच, म्हणजे तटस्थ साक्षीदार, उभे असावे लागतात. पंचनाम्यावर त्यांच्या सह्या होतात, आणि खटला उभा राहीपर्यंत ते पंच फितूर होतील की काय ही धाकधूक तपास अधिकाऱ्याच्या मनात असते. खरी कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे. तिथे दंडाधिकारी आधी आरोपीला बजावतो की कबुली द्यायला तू बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. विचार करायला वेळही देतात. एक माणूस रात्रभर कोठडीत बसून ठरवतो आहे की उद्या बोलायचं की नाही, यापेक्षा ताणाचा प्रसंग कोणत्या कादंबरीकाराला हवा? तो आपल्या रहस्यकथांत जवळजवळ कधीच येत नाही. येतो तो घाटातला बंगला.

काकांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गेली चौदा वर्षं मी या टेबलावर बसते, पुस्तकं देते-घेते, निसटलेली पानं खळीने चिकटवते. रहस्यकथांचं कपाट खिडकीशी आहे आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी तेच रिकामं होतं, कारण आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पुस्तकखरेदीच्या वेळी विक्रेते, प्रकाशकांची माणसं भेटतात. रहस्यकथा दिवसेंदिवस एकसारख्या का होत चालल्यात असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: “वाचकांना हेच हवं असतं.” हे उत्तर मला मान्य नाही. वाचकाच्या आवडीचं नाव पुढे करून लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी स्वतःच्या पळवाटा झाकल्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गोष्ट मान्य करते. साच्याशी माझं भांडण नाही. नागपूरच्या महाल भागातल्या देवळात लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जायची. हरिश्चंद्राचं आख्यान तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. राजा डोंबाघरी राबणार, तारामती मेलेलं लेकरू घेऊन स्मशानात येणार, शेवटी देव प्रकटणार. तरी बुवांनी राजाच्या तोंडचं “आधी कर दे” म्हणताच पदर डोळ्यांना लागायचे. आख्यान जुनं असल्याची तक्रार कोणी केली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार आणि धनंजय-छोटूची जोडी माझ्या वडिलांनी बर्डीच्या फुटपाथवरून चार-चार आण्यांना जुन्यात घेतलेल्या पुस्तकांतून वाचली. त्या कथा एकमेकींसारख्याच होत्या. पण त्या चोरट्या नव्हत्या. त्यांनी वेग आणि साहस देऊ म्हटलं आणि तेच दिलं. गुरुनाथ नाईकांच्या पुस्तकांचंही तसंच. त्या पातळ पुस्तकांनी कितीतरी घरांत वाचनाची सवय लावली, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

बिघडतं कुठे, तर कोडं घालतो असं सांगून लेखक जेव्हा कोड्याचा तुकडा खिशात लपवून ठेवतो तिथे. तीनशे पानं वाचल्यावर कळतं की खुनी हा मेलेल्याचा जुळा भाऊ होता आणि त्याचा उल्लेख आजवर कुठेच नव्हता. किंवा नायिकेची स्मृती गेली होती, ती नेमकी दोनशे नव्वदाव्या पानावर परत आली. किंवा ज्याला आपण मेला समजलो तो मेलाच नव्हता, कारण प्रेताचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. किंवा डिटेक्टिव्हला एक पत्र सापडतं, तो ते वाचून गालात हसतो आणि खिशात घालतो. त्या पत्रात काय होतं ते आपल्याला शेवटच्या प्रकरणात कळतं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त चीड आणतं. मी त्याच्यासोबत उन्हातान्हात हिंडले, त्याच्यासोबत पायऱ्या चढले, आणि ऐन वेळी त्याने कागद दुमडून घेतला.

ही तक्रार नवी नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडात १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, रहस्यकथाकारांसाठी दहा नियम घातले. वाचकाची आधी तयारी करून दिल्याशिवाय जुळी भावंडं आणू नका. गुप्त वाट एकाहून जास्त नको. डिटेक्टिव्हला सुगावा लागला की तो त्याच क्षणी वाचकापुढे ठेवा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तिकडे जे शिळं ठरलं होतं ते आपण आज नवं कव्हर घालून विकतो. आणि नियम मोडायचाच असेल तर तो कसा मोडावा हेही त्याच सुमाराला दिसलं होतं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने १९२६ साली गोष्ट सांगणाऱ्यालाच खुनी केलं, तेव्हा गदारोळ झाला. पण पुस्तक पुन्हा उघडून पाहा, तो निवेदक कुठे खोटं बोललेला नाही. त्याने फक्त दोन वाक्यांच्या मध्ये काही मिनिटं गाळली आहेत, आणि ती गाळलेली जागासुद्धा नीट बघणाऱ्याला दिसते. अलीकडे ज्याला सर्रास “अविश्वसनीय निवेदक” म्हणतात त्यात हे कष्ट नसतात. निवेदक सरळ खोटं बोलतो आणि शेवटी लेखक खांदे उडवतो.

आता ज्या पळवाटेबद्दल मला खरोखर बोलायचं आहे तिच्याकडे येते. खुनी कोण निवडायचा, याची.

माझ्या मावशीला स्किझोफ्रेनिया आहे. वीस वर्षं ती रोज रात्री जेवल्यावर गोळी घेते, उन्हाळ्यात गल्लीभर लोकांच्या कुरड्या करून देते, संध्याकाळी गच्चीवर बसून वाचते. रहस्यकथा तिला फार आवडायच्या. एकदा तिने अर्धवट वाचलेली कादंबरी मला परत दिली आणि म्हणाली, “यातली बाई माझ्याच गोळ्या घेते.” गोळ्यांचं नाव तेच होतं. त्या कादंबरीत त्या बाईने तीन खून केले होते, का, तर ती त्या गोळ्या घ्यायला विसरली. त्यानंतर मावशी पुस्तक नेण्याआधी मला विचारते, “शेवटी कोणी वेडं निघत नाही ना गं?” आणि मला कपाटापुढे उभं राहून एकेक पुस्तक आठवावं लागतं. दर चार-पाचांमागे एक बाजूला ठेवावं लागतं.

मानसिक आजार असलेला माणूस दुसऱ्यावर हात उचलण्यापेक्षा त्याच्यावरच हात उचलला जाण्याची शक्यता जास्त असते. मानसोपचाराच्या क्षेत्रात हे कधीचं ठाऊक आहे. आमच्या शहरात राज्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि तिथल्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौक म्हणतात. असल्या शब्दांना रहस्यकथा रोज नवं पाणी घालते. आणि कथेच्या दृष्टीनेही यात काही नाही. खुन्याला वेड होतं असं म्हटलं की त्याने का मारलं, याच वेळी का, यालाच का, या सगळ्या प्रश्नांपासून लेखक सुटतो. हेतू हा रहस्यकथेचा कणा. तोच काढून घेतल्यावर उरतं काय?

दुसरी सोपी सोय म्हणजे वॉचमन, गडी, कामवाली, परप्रांतातून आलेला मजूर. नॉक्सच्या आधी एक वर्ष, १९२८ साली, व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने नोकराला खुनी करू नका असा नियम घातला होता. त्याचं कारण मला पटत नाही. खुनी हा कोणी तोलामोलाचा माणूस असावा, असं त्याचं म्हणणं होतं. माझं कारण वेगळं आहे. खऱ्या आयुष्यात चोरी झाली की पोलिसांची पहिली थाप कामवालीच्या दारावर पडते. ज्यांच्यावर संशय घ्यायला पुरावा लागत नाही त्यांच्यावरच कथेतही संशय नेऊन ठेवायचा, यात लेखकाने कोणतं धाडस केलं? काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक रहस्यकथा लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती. संपादकांचा फोन आला. कथा आवडली, पण शेवट मवाळ वाटतो. “त्या धुणंभांडीवालीला थोडा भूतकाळ द्या,” ते म्हणाले, “म्हणजे शेवटी धक्का बसेल.” मी कथा परत मागवली. ती अजून कपाटात पडून आहे, आणि तिचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की ते वाक्य ते अगदी सहज बोलले, मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

“वाचकांना धक्का हवा” हे त्यांचंही म्हणणं होतं. माझ्यापाशी याचं उत्तर आहे, आणि ते आमच्या पुस्तकांच्या मागच्या पानावर चिकटवलेलं आहे. परतीच्या तारखेची चिठ्ठी. आमचं वाचनालय अजून संगणकावर गेलेलं नाही. पुस्तक नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख आम्ही चिठ्ठीवर हाताने लिहितो. धक्क्याची म्हणून गाजलेली कादंबरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत हातोहात जाते, चिठ्ठी भरते, दुसरी जोडावी लागते. मग ती थांबते. एकही क्रमांक दुसऱ्यांदा दिसत नाही. त्याच कपाटात काही जुनी, कोपरे झिजलेली पुस्तकं आहेत, सुहास शिरवळकरांची आहेत, काही अनुवाद आहेत, ज्यांच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक तीन-चार वर्षांनी पुन्हा उमटतो. काहींवर तिसऱ्यांदा. हवालदार काकांचा क्रमांक एका पुस्तकावर मी चार वेळा लिहिलेला आहे. खुनी कोण ते माहीत असताना माणूस ते पुस्तक पुन्हा का नेतो? कारण दुसऱ्या वेळी तो लेखकाच्या खांद्यावरून बघत असतो. इथे त्याने सुगावा ठेवला, इथे माझं लक्ष दुसरीकडे नेलं, इथे मला सगळं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. हा आनंद त्या जुळ्या भावाच्या पुस्तकात मिळूच शकत नाही, कारण पुन्हा वाचण्यासारखं त्यात काही ठेवलेलंच नसतं.

चिठ्ठीवरून महाराष्ट्राची आवड ठरत नाही, हे मी जाणते. पण प्रकाशक जेव्हा “वाचकांना हेच हवं” म्हणतात तेव्हा ते फक्त पहिले तीन महिने मोजत असतात. पुस्तक दुसऱ्यांदा कोण मागतं हे त्यांना कधी दिसत नाही. आम्हाला दिसतं.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो. आता मोबाइल आहेत, टॉवर लोकेशन आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत, मग कोडं उभं कसं करायचं? म्हणून लेखक गोष्ट १९९० साली नेतो किंवा पहिल्याच प्रकरणात सगळ्यांची बॅटरी उतरवतो. मला हे लेखकाने आपलं गाव नीट न पाहिल्याचं लक्षण वाटतं. घाटातला बंगला लागतो कशाला, तर माणसं जगापासून तुटावीत म्हणून. नागपूरला मे महिन्यात त्यासाठी दरड कोसळावी लागत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की दुपारी दोन वाजता अख्खी धरमपेठ बंद बंगल्यासारखीच असते.

समजा, अशाच एका दुपारनंतर, संध्याकाळी साडेसहाला एका जुन्या घरात एकटे राहणारे गृहस्थ मेलेले सापडतात. पुतण्या सांगतो, मी सकाळी अकराला निघालो, तेव्हा काका ठणठणीत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. काकांना दमा, कूलरची ओली हवा त्यांना सोसत नाही, त्यामुळे या उन्हाळ्यात कूलर चालू केलाच नाही. हे सगळं पुतण्या खरं सांगतो. शेजारीपाजारी दुजोरा देतात. आता लेखकाने विसाव्या पानावर एकच वाक्य लिहायचं: पंच फाटकातून आत आले तेव्हा मागच्या खिडकीच्या कूलरखाली दोन चिमण्या पाणी पीत होत्या.

बस. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते वर्णन वाटेल. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकाच्या हातातलं पुस्तक थांबेल. कारण कूलरच्या ताट्या मेच्या उन्हात तासाभरात कोरड्या ठणठणीत होतात हे आमच्याकडे पोरालाही माहीत असतं. खाली थारोळं आहे याचा अर्थ पाच-साडेपाचपर्यंत तो कूलर चालू होता. कोणासाठी? मेलेल्या माणसाला गारवा लागत नाही. मग कळतं की खुनी दुपारी एकलाच काम उरकून मोकळा झाला होता, पण बाहेर पडू शकत नव्हता. दुपारी एकला रिकाम्या गल्लीतून एकटा जाणारा माणूस वाळ्याच्या पडद्याआडून चार घरांना दिसतो. संध्याकाळी गल्लीत वर्दळ होईपर्यंत त्याला त्या घरात प्रेताजवळ थांबणं भाग होतं. मोबाइल तो स्वतःच्या घरी ठेवून आला होता. सगळा विचार त्याने केला होता. ऊन तेवढं त्याला सोसलं नाही, आणि साडेतीनच्या सुमाराला त्याने उठून कूलरचं बटण दाबलं.

यात जुळा भाऊ नाही, वेड नाही, कामवाली नाही. सुगावा उघड्यावर आहे, आणि तो याच मातीतला आहे. अशी कितीतरी द्रव्यं आपल्या आजूबाजूला पडलेली आहेत. बंद खोलीचा उकाडा अंगाच्या तापाहून जास्त असला तर प्रेत गार पडत नाही, आणि ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर चढतो, लवकर उतरतो. त्यामुळे विलायती कादंबरीतलं मृत्यूच्या वेळेचं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. यावर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या शवागारात एक अख्खं प्रकरण घडू शकतं. आपल्या कादंबऱ्यांत मात्र डॉक्टर प्रेताजवळ वाकून सायनाइडचा, कडू बदामासारखा वास आला म्हणतो. आमच्या बाजूला कडू बदाम कोणी पाहिलेला नाही. इथल्या माणसाला फवारणीच्या औषधाचा वास ओळखता येतो, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच शेतकरी आणि मजूर विषबाधेने मेले, तेव्हापासून तो वास नुसता औषधाचा राहिलेला नाही. विष म्हटलं की विदर्भाच्या मनात काय येतं हे ज्याला माहीत आहे त्याने लिहायचं, तर सायनाइडची कुपी त्याच्या लेखणीतून उतरेलच कशी?

म्हणून माझं प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना सांगणं आहे की हस्तलिखित हातात आलं की शेवट कळल्यानंतर पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा. सुगावे तिथे सापडले नाहीत तर ते लेखकाकडे परत पाठवा, धक्का कितीही जोरात बसलेला असो. खुनी कोणाला केलं आहे तेही बघा, आणि तो निवडताना लेखकाला काही कष्ट पडले का ते विचारा. वाचनालयांनीही खरेदीच्या यादीत नुसती गाजलेली नावं न टाकता आपल्या चिठ्ठ्या चाळाव्यात. आमच्या समितीने यंदा तसं करायचं ठरवलं आहे.

त्या खरेदीच्या आधी मी मागच्या महिन्यात कपाट आवरायला काढलं. पेन्सिलीने लिहिलेलं खोडणं हे त्यातलं नेहमीचं काम. लोक समासात हिशेब लिहितात, दुधाची तारीख लिहितात, आणि काही जण पुढच्याचा विरस करायला खुन्याचं नावच लिहून ठेवतात. एका जुन्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर असंच होतं, ठसठशीत अक्षरात: “खुनी धाकटा भाऊ.” मी रबर उचललं. मग खाली बारीक, दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं अक्षर दिसलं: “चूक. पान ६३ वर घड्याळ पाहा.” त्याच्याही खाली तिसऱ्याने लिहिलं होतं: “पाहिलं. बरोबर आहे. पण मग चाव्या कोणाकडे होत्या?”

मी त्रेसष्टावं पान उघडलं आणि तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागले.